भिंतीऐवजी करवंद

प्रिय बाळ,


तुझ्या तळेगावच्या रो-हाउसेसचा नकाशा पाहिला. घरं मनापासून आवडली. पण प्रत्येक घराभोवती सहा फुटी कंपाउंड वॉल पाहून राहवेना, म्हणून हे पत्र.

घर आणि हद्द यांच्यामधलं सामासिक अंतर तुला सोडावंच लागणार आहे. त्यातली चार फुटांची पट्टी आताच, कागदावर असतानाच, कुंपणाला दे. भिंत झाल्यावर झुडपांना मुळं पसरायला जागाच उरत नाही. लंडनमधल्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब या वसाहतीची आखणी १९०७ च्या सुमारास झाली, तेव्हा ती वसवणाऱ्या हेन्रिएटा बार्नेट यांनी बागांमध्ये भिंती नकोत, झुडपांची कुंपणं हवीत, हे आधीच ठरवलं होतं. रेमंड अन्विन यांचा आराखडा ते धरूनच झाला.

पण तिकडची झाडं इकडे नकोत, आणि तो सोसायट्यांमधला ड्युरांटाही नको. आपल्या डोंगरावर करवंद आहे. काटे असे की गुरं आत शिरत नाहीत, कैऱ्यांच्या दिवसांत लोणच्याला कच्ची करवंदं, मे महिन्यात पिकल्या काळ्या फळांनी लगडलेली जाळी. बुलबुल त्यावर तुटून पडतात आणि त्याच जाळीत घरटंही करतात. करवंदाला फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. माळी दर महिन्याला कात्री फिरवत राहिला तर फळ मिळणारच नाही. छाटणी फळं संपल्यावर, तीही घरटी तपासून.

मध्ये मध्ये अडुळसा, कढीपत्ता, एखादं लिंबू लाव. आपल्या राज्याचं फुलपाखरू, राणी पाकोळी, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. अळ्या पानं खातील, खाऊ देत. फवारणी मात्र करू देऊ नकोस.

करवंद सावकाश वाढतं. तोवर लोकांना आडोसा हवा, हे मला मान्य आहे. त्यासाठी आतल्या बाजूने तारेची जाळी लाव आणि तिच्यावर तोंडली, मायाळू, वालाचे वेल चढव. तोंडलीचे छाट लावले की वेल वर्षानुवर्षं राहतो. दोन शेजाऱ्यांना पुरून उरेल इतकी भाजी देतो. जाळी जमिनीपासून वीतभर वर ठेव, म्हणजे मुंगूस, बेडूक, सरडे या बागेतून त्या बागेत जातील.

सापाचा प्रश्न लोक विचारतीलच. साप कधीतरी येईल, हे खरंच सांग. तो उंदरांमागे येतो आणि उंदीर उष्ट्या-खरकट्यामागे. कचऱ्याची जागा कुंपणापासून लांब ठेव, बुंध्याशी विटा-लाकडं रचू देऊ नकोस.

करवंदाच्या बिया ताज्याच पेराव्या लागतात, वाळवून ठेवल्या तर रुजत नाहीत. यंदाच्या फळांतून मी पिशव्यांत रोपं करून देते. दोन ओळींत, एकाआड एक, दीड-दोन फुटांवर लावायची. प्रत्येक बाजूची लांबी मोजून मला कळव, म्हणजे किती पिशव्या भरायच्या ते ठरवता येईल.

तुझी,
आत्या