‘प्रदूषण’ या शब्दाआड



चंद्रपूर शहरात मी गेली अनेक वर्षे मराठी शिकवते. भाषाविज्ञान हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे माणसे काय बोलतात याबरोबरच ती कोणत्या शब्दांत बोलतात, याकडेही माझे लक्ष जाते. या शहराची हवा हा येथील नित्याच्या बोलण्याचा विषय आहे. आणि त्यावर बोलण्याच्या दोन निरनिराळ्या मराठी भाषा आपल्याकडे आहेत, असे मला दिसून आले आहे. कारखान्यांचे वायुप्रदूषण कमी करण्याचा प्रश्न या दोन भाषांमधील अंतराशी कसा निगडित आहे, ते आपल्यासमोर मांडावे असे वाटते.

पहिली भाषा घरातली. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालणारी गृहिणी त्यावर पातळ कापड अंथरते आणि ‘आज राखड पडते आहे’ असे म्हणते. विदर्भात वीज केंद्राच्या राखेला सर्रास ‘राखड’ म्हणतात. या गृहिणीच्या बोलण्यात धूळ, धूर, काजळी आणि राखड हे चार वेगळे पदार्थ असतात. कोळशाच्या ट्रकमागे उडते ती धूळ, धुराड्यातून निघतो तो धूर, भिंतीला धरते ती काजळी. प्रत्येक शब्दाबरोबर तो पदार्थ कोठून आला, याचे ज्ञानही येते.

दुसरी भाषा अहवालांची आणि बातम्यांची. ‘वायुप्रदूषणात वाढ झाली’, ‘हवेची गुणवत्ता खालावली’ अशी तिची वाक्ये असतात. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्दोष आहेत. ‘खालावली’ या क्रियापदाचा कर्ता ‘गुणवत्ता’ आहे आणि क्रियापद अकर्मक आहे. त्यामुळे ही हवा कोणी, कशाने खालावली, हा प्रश्न वाक्यात उद्भवतच नाही. ‘प्रदूषण’ हा शब्द टाकाऊ आहे, असे मला म्हणायचे नाही. १९८१ च्या वायुप्रदूषणविषयक कायद्याला अशी व्यापक संज्ञा आवश्यकच होती. परंतु संज्ञा व्यापक असली तरी उपाय तसा असत नाही. तो प्रत्येक पदार्थासाठी वेगळा असतो.

चंद्रपूरचेच उदाहरण घेऊ. शहराभोवती कोळशाच्या खाणी आहेत, २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित निर्देशांक काढला. सत्तरपेक्षा अधिक गुण म्हणजे स्थिती गंभीर, असे मानले होते. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथे ठरले. हा आकडा चिंतेचे कारण सांगतो. मात्र काय करावे हे कळण्यासाठी पुन्हा त्या गृहिणीच्या शब्दांकडेच वळावे लागते.

राखड घ्या. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४० टक्के असते. ती अडवण्यासाठी धुराड्यापूर्वी एक यंत्रणा बसवतात. तीत उच्च दाबाच्या विजेने राखेच्या कणांना विद्युतभार देतात आणि ते कण धातूच्या पत्र्यांना चिकटतात. सुस्थितीतील अशी यंत्रणा ९९ टक्क्यांहून अधिक राख अडवते आणि ती राख सिमेंट व विटांसाठी वापरता येते. म्हणून राखड पडू लागली की ‘ही यंत्रणा नीट चालू आहे काय?’ असा नेमका प्रश्न विचारता येतो. धुळीचा उपाय याहून साधा आहे : ट्रकवर घट्ट ताडपत्री, रस्त्यावर पाण्याची फवारणी, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर आच्छादन. धुराडे उंच बांधल्याने मात्र धूर कमी होत नाही, तो केवळ दूरच्या गावांकडे जातो.

आता एक असा पदार्थ पाहा, ज्याला घरगुती भाषेत नावच नाही. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. हवेत त्याचे रूपांतर अतिसूक्ष्म कणांत होते आणि ते कण फुप्फुसांत खोलवर जातात. चुनखडीच्या द्रावाने हा वायू शोषून घेता येतो आणि त्यातून जिप्सम मिळते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी या वायूची मर्यादा घालून दिली, तिच्या पालनाची मुदत पुनःपुन्हा वाढवली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना तीतून सूट दिली. या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात तज्ज्ञांनी युक्तिवाद केले. गच्चीवर मात्र त्याची चर्चा झाली नाही. ज्या गोष्टीला आपल्या बोलीत शब्द नसतो, तिच्याविषयी आपण तक्रारही करत नाही.

आपल्यापैकी अनेक जण खाणींत, वीज केंद्रांत वा कारखान्यांत नोकरी करून शिकत असतील. ‘कारखाने बंद करा’ असे आपल्याला कोणी म्हणाले तर ते रुचणार नाही आणि त्यात गैरही काही नाही. येथील विजेवर दूरच्या शहरांतील दिवे लागतात आणि येथील घरेही चालतात. म्हणूनच मोघम शब्द उभय पक्षांना अपायकारक ठरतात. ‘प्रदूषण हटवा’ या घोषणेपुढे कामगाराला आपली नोकरी धोक्यात दिसते. ‘राख अडवणारी यंत्रणा दुरुस्त करा’ या मागणीत मात्र त्याचेही हित असते, कारण ती राख सर्वप्रथम त्याच्याच श्वासात जाते.

येथे मराठीच्या विद्यार्थ्याला एक काम आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते आणि पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. महाराष्ट्रात ही भाषा मराठी होय. असा सारांश मिळाल्यास एखाद्या पाठ्यांशाप्रमाणे तो बारकाईने वाचा. प्रत्येक वाक्यात कर्ता कोण आहे, ते शोधा. ‘उपाययोजना केल्या जातील’ असे आढळले तर कोण करणार, कोणती आणि केव्हापर्यंत, हे समासात लिहा. सुनावणीत तेच प्रश्न आपल्या मराठीत विचारा आणि त्यांची नोंद इतिवृत्तात झाली की नाही, हेही पाहा. शब्दांचा नेमका अर्थ लावण्याचे जे शिक्षण आपण घेत आहात, त्याचा इतका थेट उपयोग अन्यत्र क्वचितच होईल.