त्या बोटांचं देणं

माझी आई आज हयात आहे ती एका ताईंच्या बोटांमुळे, असं मी मानते. परळच्या टाटा हॉस्पिटलने 1998 साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत स्तनांच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू केला. त्याच्याच एका फेरीत त्या आमच्या वस्तीत आल्या. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण प्रशिक्षण पक्कं.

आईने पदर सावरला. ‘‘मला कुठे काय दुखतंय?’’

‘‘मावशी, दुखत नाही तेव्हाच बघायचं असतं.’’

ताईंनी दोरीवर साडी टाकून आडोसा केला, तळवे चोळून हात ऊबदार केले आणि मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, लहान लहान वर्तुळं काढत, आधी हलकं मग जरा दाबून, पार काखेपर्यंत चाचपलं. डाव्या बाजूला बोटं थांबली, पुन्हा तिथेच आली. गाठ सुपारीहून लहान होती. आई बावन्न वर्षांची होती. टाटात ऑपरेशन झालं, उपचार पुरे झाले.

त्या अभ्यासात 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका होत्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी अशी तपासणी झाली. बाकीच्यांना आजाराची माहिती देऊन त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं. 2021 साली डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचा हिशेब मांडला. तपासलेल्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशीपुढच्यांत स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही.

हे वाचलं आणि माझं ऋण वाढलं. ज्यांच्या दारी ताई तपासायला गेल्या नाहीत, त्या बायकांशी तुलना करूनच हे उत्तर मिळालं. त्यांच्या लेकींचंही मी देणं लागते.

ते फेडायचं म्हणून लालबागच्या सासरी चाळीतल्या प्रत्येकीला सांगते: सरकारी कार्यक्रमात तिशीपासून दर पाच वर्षांनी ही तपासणी आहे, ती करून घ्या. मॅमोग्राफी कधीपासून करायची, हे चाळिशीला डॉक्टरांना विचारा. आईला, बहिणीला हा आजार झाला असेल तर त्याआधीच. पन्नाशीनंतर तपासणी अजिबात टाळू नका. आणि गाठ हाताला लागली, तर दुखो न दुखो, वय कितीही असो, लगेच दाखवा.