देखावा सोडताना

गोंदियात जलरंगात निसर्गचित्रं करणाऱ्याला हल्ली एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : 'यात मॉडर्न काही आहे का?' विचारणाऱ्याचा दोष नाही. नव्या फ्लॅटच्या मोठ्या भिंतीवर माझा १५ बाय २२ इंचांचा नवेगावबांधचा तलाव हरवून जातो, काचेमागच्या कागदाला पावसाळ्यात बुरशी लागते. कॅनव्हासवरचं ॲक्रिलिक निदान पुसता येतं.

अशा वेळी सय्यद हैदर रझा आठवतात. आज त्यांचं नाव घेतलं की बिंदू आणि कोटींचे लिलाव डोळ्यांपुढे येतात. पण ते मूळ आमच्याच बाजूचे. जन्म १९२२चा, मंडला जिल्ह्यातला, वडील वनखात्यात. मंडला म्हणजे पूर्वी गोंदियाहून नैनपूरमार्गे छोट्या रेल्वेनं गाठावं लागायचं ते गाव. शिक्षण नागपूरला, मग मुंबईत जे. जे.मध्ये. १९४०च्या दशकात ते मुंबईचे रस्ते आणि काश्मीर जलरंगांत रंगवत होते, आणि ती चित्रं नावाजलीही जात होती. १९४८मध्ये काश्मिरात भेटलेल्या छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनी मात्र सुनावलं, की चित्रांत बांधणी नाही, सेझान अभ्यासा.

१९५०मध्ये रझा फ्रान्सला गेले. तिथे आधी घरं आणि चर्च आले, मग तैलरंग, पुढे ॲक्रिलिक. बिंदू स्थिरावला तो १९८०च्या आसपास. म्हणजे तीस वर्षं गेली. त्यात सुटला तो देखावा. मंडल्याचं जंगल रंगांत राहिलंच.

'लोकांच्या आवडीप्रमाणे बदला' म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब सांगतो. अर्थात, त्यांच्याकडे शिष्यवृत्ती आणि पॅरिस होतं. माझ्याकडे फ्रेमवाल्याची उधारी आहे. म्हणून सांगितलेली ॲक्रिलिकं मी करतो, आणि मन लावून करतो. त्या रुंद ब्रशनं मला एक शिकवलं : सगळं सांगायची गरज नसते.

आता रोवणीच्या दिवसांतल्या, पाण्यानं भरलेल्या बांध्या रंगवताना मी मोहाची झाडं, बैल, सारसांची जोडी गाळतो. उरतात आकाशाचे तुकडे आणि त्यांच्यामधले धुरे. तेही कागद कोरा सोडून. शेतकरी घरातला माणूस ते क्षणात ओळखतो, बाकीच्यांना ते 'मॉडर्न' वाटतं. विक्री फारशी वाढलेली नाही. पण कोणाच्या आवडीसाठी काय सोडायचं आणि काय नाही, हे आता मी ठरवतो.