धोंडिबाची पट्टी

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून, सहा एकरांचा एक तुकडा आहे. त्याला पहिल्यापासून धोंडिबाची पट्टी म्हणतात. मी तिथं चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्वारी पेरली, तूर पेरली, अलीकडं सोयाबीन पेरतोय. पण हा धोंडिबा कोण, हे कधी विचारावंसं वाटलं नाही. आमच्या भावकीत या नावाचं कुणी झालं नाही, एवढं मात्र ठाऊक होतं.

विचारायची वेळ आली ती 2023 साली. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि गावोगावची माणसं आपला पणजा-खापरपणजा हुडकायला बाहेर पडली. तोवर म्हाळाला तीन पिढ्यांची नावं घ्यायची म्हटलं तरी आम्ही आज्यापाशी अडखळायचो.

हुडकणं सोपं नव्हतं. आमचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळं जुने कागद उर्दूत, काही मोडीत. सालसुद्धा फसली. फसलीत 590 मिळवले की इंग्रजी साल येतं. जिल्ह्याचं नावही बदलत गेलेलं. आधी नळदुर्ग, मग उस्मानाबाद, आता धाराशिव. मधी 1853 ते 1860 नळदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात होतं, मेडोज टेलर नावाचा साहेब काही वर्षं तिथला कारभार बघत होता. पुढं 1982 ला लातूर जिल्हा वेगळा निघाला. म्हणून ज्याला आपला आजा शोधायचाय त्यानं आधी गाव शोधावं. कोणत्या साली ते कुणाच्या दप्तरात होतं, हे कळल्याशिवाय पुढची वाट सापडत नाही.

नातवाच्या शिक्षणासाठी मीही धडपडलो. फसली 1344 च्या पाहणीची नक्कल हाती आली. म्हणजे 1934-35 सालची. पण वाचणार कोण? शेजारच्या गावात नव्वदीला टेकलेले एक गुरुजी आहेत, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी भिंग लावलं.

“तात्या, पणजोबाचं नाव काय तुमच्या?”

“नाना.”

“मग बघावं लागंल. उर्दूत नाना आन् बाबा एकसारखंच. नुक्ता वर असला की नाना, खाली असला की बाबा. हितं कागद कसरीनं खाल्लाय.”

बराच वेळ त्यांनी भिंग पुढं-मागं केलं. मग म्हणाले, “नानाच हाय. पण पट्टेदार न्हाई, कब्जेदार हाय. पट्टेदार धोंडिबा. त्याच्या नावाम्होरं जात लिवलीय, कुणबी. तुमच्या नानाच्या म्होरं कायबी न्हाई.”

मी गुरुजींना धोंडिबाच्या बापाचं नाव वाचायला लावलं, आणि डोक्यात लख्ख पडलं. तो आमच्या गावातल्या आबाचा आजा. हा आबा माझ्याच वयाचा. जमीन गुंठाभर नाही. त्याचा बाप आमच्याकडं सालगडी होता, आबानंही पंधरा-वीस सालं घातली. ज्या मातीवर तो आमचं औत हाकत होता, ती त्याच्या आज्याची होती.

घरी येऊन पोराला सांगितलं. पोरगा म्हणाला, “आण्णा, गपचिप ठिवा तो कागद. कशाला जुनं उकरतावं? उद्या वाद निघंल.”

त्याचंही खोटं नव्हतं. पण ज्या ओळीचा आम्हाला उपयोग नव्हता, त्याच ओळीवर आबाच्या नातीचं शिक्षण अवलंबून होतं. ती बारावीला होती. आबापाशी जमीन नाही, म्हणून त्याच्या घरात कसलाच कागद नाही. नोंदी कुठं बघायच्या हेही त्याला कुणी सांगितलं नसतं. आमच्याकडं नोंद झाली ती जमिनीची, साऱ्यासाठी. माणूस तिच्या आडून आला. इंग्लंडात 1538 साली हुकूम निघाला होता म्हणे, की चर्चमधी जन्मलेल्याचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं. त्यामुळं तिथं बिनजमिनीच्या मजुराच्या वंशजालाही आपला माणूस सापडू शकतो. आमच्याकडं रान गेलं की नावही गेलं.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी नक्कल घेऊन आबाच्या घरी गेलो. चहा झाला. मी सगळं वाचून दाखवलं. जमिनीचंही, जातीचंही. आबा गप ऐकत होता.

“मला ठाव हाय की, तात्या,” तो म्हणाला. “आज्यावर कर्ज झालतं. तुमच्या नानानं जोंधळं दिलं, त्यात पट्टी गेली. आज्यानं माज्या बापाला सांगितलं हुतं, त्या रानात कामाला जायची येळ आली तर पायताण काडून जा.”

तेव्हा मला आठवलं. आबा त्या पट्टीत शिरताना बांधावर चप्पल काढून ठेवायचा. उन्हाळ्यात ढेकळं तापलेली असली तरी. मी एकदा हटकलंही होतं, “आरं, काटं भरतील.” तो नुसता हसला होता. इतकी वर्षं त्यानं तोंडातून अक्षर काढलं नाही.

“मग बोलला का न्हाईस?”

“बोलून काय हुतंय? जोंधळं खाल्लं हुतं आमी.”

मी नक्कल त्याच्या हातात दिली. नातीचे कागद दाखल करायला आम्ही दोघं बरोबर गेलो. पट्टीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात अजून मिटलेला नाही. पोरगा एक म्हणतो, मी एक म्हणतो. तूर्त आबा तिथं बटईनं करतोय, अर्ध्याऐवजी दोन वाटे त्याचे.

नोंदी शोधता शोधता मी एक वही घातलीय. पहिल्या पानावर धोंडिबाचं नाव लिहिलं. मग आमच्या बायामाणसांची नावं लिहायला घेतली, तर एकाही कागदावर आजीचं नाव नाही. ते सापडलं पितळी घागरीवर. माहेराहून आलेल्या घागरीच्या काठाला नाव आणि गाव कोरलेलं. ती घागर आजीनं आत्याला दिली होती, सास्तूरला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात आत्याचं घर बसलं. घरातला कागदन् कागद मातीत गेला. घागर चेपलेली निघाली, पण नाव वाचता येत होतं. बोट फिरवून ते मी वहीत उतरवून घेतलं.