मृत्यूनंतरचा सीटी स्कॅन काय सांगतो?

"डॉक्टर, बाबा नक्की कशाने गेले?" हा प्रश्न कोरोनाच्या काळात मला अनेकांनी विचारला. तुमच्याही मनात तो अजून असेल. टेस्ट पॉझिटिव्ह होती, एवढ्याने उत्तर मिळत नाही. मृत्यू कोरोनाने झाला, की कोरोना असताना दुसऱ्याच कारणाने, हे शोधावे लागते.

त्यासाठी शवविच्छेदन करतात. पण संसर्गाच्या धोक्यामुळे २०२० मध्ये आयसीएमआरने कोविड मृतदेहांची चिरफाड टाळायला सांगितले. अशा वेळी मृतदेहाचा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. पिशवी न उघडताही तो करता येतो. फुप्फुसांची अवस्था, मेंदूतला रक्तस्राव, मोडलेले हाड त्यात दिसते.

मग चिरफाड कशाला? जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये २०२० साली सलग १२ कोविड मृतांचे शवविच्छेदन झाले, सीटीचीही मदत घेतली. त्यांपैकी ७ जणांच्या शिरांत गुठळ्या सापडल्या. जिवंतपणी कुणाला त्यांची शंकाही आली नव्हती. चौघे तर गुठळी फुप्फुसात अडकूनच गेले होते. साध्या सीटीत अशा गुठळ्या सहसा ओळखता येत नाहीत. अशा निष्कर्षांमुळे कोविडच्या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देण्याला बळ मिळाले.

म्हणून सांगतो, जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर अशा तपासणीबद्दल विचारले, तर लगेच "नको" म्हणू नका. त्यातून काय कळेल आणि काय कळणार नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा. ते उत्तर तुमच्या घरासाठी असतेच, पुढच्या रुग्णासाठीही असते.