बुग्यालच्या वाटेवर



हिमालयातून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, तो उंचीचा. 2017 च्या मे महिन्यात मी उत्तराखंडातील बेदनी बुग्यालची पदभ्रमंती करून पुंडलिकनगरातील घरी परतले, तेव्हा शेजाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हेच विचारले : किती हजार फूट चढलात? आकडा सांगणे सोपे आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटरवर वसलेले आहे. बेदनी सुमारे 3,400 मीटरवर आहे. परंतु या आकड्यांतून तिथले फारसे काही हाती लागत नाही. मी भाषाविज्ञानाची अध्यापक आहे. त्या वाटेवरून मी सोबत आणले ते काही शब्द, आणि या लेखात तुमच्यापुढे ठेवायचे आहेत तेही शब्दच.

काठगोदामला रेल्वे संपते. तिथून अल्मोडा, कौसानी, ग्वालदम या मार्गाने दिवसभराचा वळणावळणांचा प्रवास करून आम्ही लोहाजंगला पोहोचलो. पुढे वाण हे शेवटचे गाव. वाणच्या वर वस्ती संपते आणि जंगल सुरू होते. नीलगंगेचा पूल ओलांडला की गैरोली पातालपर्यंतची चढण बांज आणि बुरांस यांच्या सावलीतून जाते. बांज हा हिमालयातील ओक वृक्ष. त्याच्या मुळाशी पाणी टिकते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे आणि झऱ्यांचा अनुभवही. बुरांसाची लाल फुले खाली गावाजवळ ओसरली होती. आम्ही जसजसे वर गेलो, तसतशी ती पुन्हा भेटू लागली. उंची वाढते तसा वसंत मागे सरकतो, हे पुस्तकात वाचलेले होते. तिथे ते पायांनी कळले.

आपण मराठवाड्यातली माणसे पानगळीच्या जंगलांना सरावलेलो. गौताळ्यात मे महिन्यात चालताना पायाखाली सागाची पाने कडकडतात. इथे जमीन ओली आणि मऊ होती, पावलांचा आवाजही होत नव्हता. दम लागला की थांबायचे, श्वास जागेवर आला की पुन्हा पाऊल उचलायचे. पन्नाशीतल्या गुडघ्यांना यापेक्षा वेगळी गती मानवत नाही, आणि सुदैवाने त्या उंचीवर तरुणांनाही हीच गती योग्य असते.

तिसऱ्या दिवशी झाडे बुटकी होऊ लागली. बर्फाच्या भाराने वाकलेले खर्सू आणि भोजपत्राचे वृक्ष दिसू लागले, आणि मग एका वळणावर झाडे संपलीच. त्या उंचीच्या वर उन्हाळा इतका तोकडा आणि थंड असतो की झाडाला वाढून लाकूड धरायला पुरेसे दिवस मिळत नाहीत. गवताला मात्र तेवढे दिवस पुरतात. समोर मैलोन्मैल उतरते-चढते गवत होते. कुठेकुठे बर्फाचे पट्टे शिल्लक होते. त्यापलीकडे 7,120 मीटर उंचीचे त्रिशूल शिखर उभे होते.

वाणचा आमचा वाटाड्या थांबून एवढेच म्हणाला, की हेच बुग्याल.

मी मनात मराठी प्रतिशब्द शोधू लागले. कुरण म्हणावे, तर कुरण राखलेले असते, त्याला मालक असतो. गायरान गावाला लागून असते. माळ कोरडा, आणि पठार म्हटले की सपाटी आली. यांपैकी एकाही शब्दात बर्फ नाही. बुग्याल म्हणजे वृक्षरेषेच्या वर आणि कायमच्या बर्फाच्या खाली असलेले, वर्षातले काही महिने बर्फाखाली निजणारे आणि उरलेल्या महिन्यांत मेंढ्या, म्हशी, घोडे यांना पोसणारे गवत. उंची, ऋतू आणि गुराख्याचे वेळापत्रक असे तिन्ही त्या एका शब्दात आहे. हिमाचलात अशाच जागेला ‘थाच’ म्हणतात, काश्मिरात ‘मर्ग’. गुलमर्ग, सोनमर्ग या नावांत तो तुम्हांला भेटला असेल. ज्या समाजाचे पोट जमिनीच्या ज्या तुकड्यावर भरते, त्या तुकड्याला त्याच्या भाषेत नेमका शब्द असतो.

संध्याकाळी चुलीजवळ वाटाड्या आपल्या प्रदेशाचे नाव उच्चारत होता, आणि मी कान टवकारले. तो ‘गढवाळ’ म्हणत होता. आपला ‘ळ’! हिंदीच्या प्रमाण रूपात नसलेला हा ध्वनी गढवाळीत स्पष्ट ऐकू येतो. आपण मराठीत मात्र ते नाव ‘गढवाल’ असे लिहितो, कारण ते आपल्याकडे हिंदीच्या वाटेने आले. ज्यांच्या वर्णमालेत ‘ळ’ आहे, त्यांनीच तो ‘ळ’ वाटेत हरवावा, याची मला गंमत वाटली आणि थोडा विषादही.

त्याने मग नंदादेवीच्या राजजातेविषयी सांगितले. साधारण बारा वर्षांनी निघणारी ही यात्रा 2014 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच बुग्यालवरून गेली होती आणि तो तिच्यासोबत चालला होता. नौटी गावापासून होमकुंडापर्यंत जाऊन येण्याचे अंतर सुमारे 280 किलोमीटर भरते. पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो. नंदा ही त्या लोकांची मुलगी. ती सासरी, कैलासाला निघाली आहे, आणि सारा मुलूख तिला पोचवायला चालतो आहे. माहेराला ते ‘मैत’ म्हणतात आणि सासरी नांदणाऱ्या लेकीला ‘धियाण’. आपले ‘माहेर’ म्हणजे मातृगृह; ‘मैत’मध्येही आईच आहे. ‘धियाण’ ऐकून मला कोकणीतली ‘धूव’ आठवली; दोहींच्या मागे संस्कृतातली ‘दुहिता’ उभी आहे. दरवर्षी निघणारी नंदेची लहान जात भाद्रपदात बेदनी कुंडाशी पोहोचते. जवळपास त्याच दिवसांत मराठवाड्यात घरोघरी महालक्ष्म्या येतात. आपल्याकडे गौरी माहेरी येते. तिकडे नंदा माहेर सोडते.

त्या वर्षी जानेवारीत माझी आई गेली होती. गोदाकाठचे आमचे माळवदाचे घर तेव्हापासून कुलूपबंद होते. ‘मैत’ हा शब्द त्या रात्री मी वहीत लिहिला, पण त्याची टीप मला लिहिता आली नाही. वाटाड्यानेही फार विचारले नाही. त्याच्या शेजारच्या दोन घरांनाही कुलपे आहेत, एवढेच तो म्हणाला. माणसे देहरादूनला, दिल्लीला गेली. त्याची मुले घरात हिंदी बोलतात. ग्वालदममध्ये 1995 साली ‘मैती’ नावाची चळवळ सुरू झाली. लग्नात नवरी माहेरच्या अंगणात एक झाड लावून सासरी जाते आणि माहेरची माणसे ते जपतात. मुलगी गेली तरी माहेर हिरवे राहावे, अशी ही योजना आहे. घरालाच कुलूप लागले तर त्या झाडाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न तिथेही आहे आणि इथेही.

पुढचे दोन दिवस पातर नचौणी, कालू विनायक आणि भगुवाबासा असे चढत गेले. तिथे हवा समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे साठ टक्केच असते, डोके जड होते आणि बोलणे कमी होते. रूपकुंडाची वाट बर्फाने भरलेली होती, म्हणून आम्ही तिथूनच मागे वळलो.

परतल्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट 2018 मध्ये, उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि पर्यटकांच्या संख्येलाही मर्यादा घातली. तंबू, खेचरे आणि आमच्यासारख्यांची पावले यांनी ते गवत झिजत होते. एकदा पातळ माती उघडी पडली की पाऊस तिला धुऊन नेतो, आणि तोकड्या उन्हाळ्यात गवत पुन्हा धरायला वर्षे लागतात. हा निर्णय मला पटला. जागेचे रक्षण न्यायालयाला करता येते. त्या जागेच्या शब्दांचे रक्षण मात्र आदेशाने होत नाही. 2011 च्या जनगणनेत सुमारे 25 लाख लोकांनी गढवाळी ही मातृभाषा सांगितली, परंतु तिची गणना हिंदीखाली झाली. युनेस्कोने तिला असुरक्षित भाषांच्या यादीत घातले आहे. बोलणारे लाखो असूनही भाषा असुरक्षित होऊ शकते, कारण ती किती जण बोलतात याहून पुढची पिढी ती कशासाठी बोलते, हे महत्त्वाचे असते.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत घरची बोली डोकावली, तर तुम्ही ती खोडता, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. उत्तरपत्रिकेत प्रमाण भाषा लिहा. ती त्या जागेची गरज आहे. पण खोडलेला शब्द दुसऱ्या वहीत उतरवून ठेवा. मी तशी वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर आईचे शब्द आहेत : माळवद, बळद, कणगी, पाणंद. बळद म्हणजे जुन्या घरातली धान्य साठवण्याची बंदिस्त खोली. माझ्या मुलीने बळद कधी पाहिलेले नाही. मागच्या दिवाळीत तिने वही चाळताना त्या शब्दावर बोट ठेवले आणि अर्थ विचारला. मी सांगू लागले, आणि सांगता सांगता घराचा नकाशाच काढावा लागला.