साडेपंचवीस तासांचा वाढदिवस

मित्रांनो, एक कोडं घालते. दिवस किती तासांचा असतो? "चोवीस!" असं तुम्ही एका दमात सांगाल. पण आमच्या ताईचा दहावा वाढदिवस चांगला साडेपंचवीस तास चालला. खोटं नाही, अगदी घड्याळ लावून! कसं ते सांगतेच. पण त्याआधी एक गुपित सांगायला हवं, कारण ते गुपित आमच्याच अंगाशी आलं.

ताई म्हणजे आमची थोरली. धाकट्या बंडूमुळे घरात सगळेच तिला ताई म्हणतात, अगदी आजीसुद्धा. मे महिन्याच्या मध्यावर तिला दहा वर्षं पूर्ण होणार होती. वय एका आकड्यावरून दोन आकड्यांवर जाणार! यापुढचा आकडा वाढायचा तो थेट शंभराव्या वर्षी. तेव्हा काहीतरी खास करायचं, असं आम्ही ठरवलं. बाबा दोन वर्षं थोडेथोडे पैसे बाजूला टाकत होते. सगळ्यांनी मिळून मॉरिशसला जायचं, आणि ताईला मात्र शेवटच्या क्षणापर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही, असा बेत शिजला. पासपोर्ट आधीच काढून ठेवलेले होते. मॉरिशसला फिरायला जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे तीही धावपळ नव्हती.

खरी भीती होती ती सात वर्षांच्या बंडूची. त्याला कुठूनतरी कुणकुण लागली आणि आमची झोप उडाली. एकदा जेवताना त्याने विचारलंच, "आई, डोडो चावतो का गं?"

"डोडो कधीच संपले, वेड्या!" ताई म्हणाली आणि वरणभात कालवायला लागली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

इकडे ताईचेही बेत चालले होते, बरं का. वाढदिवसाला चार मैत्रिणी राहायला येणार, गच्चीवर गाद्या घालायच्या, रात्री भेळ करायची, अशी यादी तिने वहीत लिहून ठेवली होती. आम्ही गुपचूप त्या मैत्रिणींच्या आयांना सांगून टाकलं होतं, की तो बेत रद्द.

आदल्या रात्री "मावशीला आणायला विमानतळावर जायचंय" असं सांगून ताईला गाडीत बसवलं. आजीही बरोबर. सामान आधीच डिकीत! बाराच्या ठोक्याला विमानतळाच्या दारात बाबांनी लाल फीत बांधलेला पासपोर्ट ताईच्या हातात ठेवला. आम्ही वाढदिवसाचं गाणं म्हटलं. आजूबाजूच्या चार लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी फोटो काढायला सरसावले.

ताईचा चेहरा मात्र उतरला.

"आणि माझ्या मैत्रिणी? त्या उद्या येणार आहेत ना?"

"अगं, त्यांच्या आयांना सांगितलंय आम्ही."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! फक्त मलाच कुणी विचारलं नाही." आणि ती रडायला लागली. आनंदाने नव्हे हं, खरोखरचं रडली. मग डोळे पुसत तिने एकच विचारलं, "परत कधी यायचं?"

"सहा दिवसांनी," बाबा पडेल आवाजात म्हणाले. मी समजूत घालायला गेले, तर आजी म्हणाली, "रडू दे तिला. पोर खरं तेच बोलतेय."

पहाटे विमान उडालं. मुंबईपासून मॉरिशस साडेचार हजार किलोमीटरहून जास्त लांब, नैर्ऋत्येला, हिंदी महासागरात. विमानाला सहा-साडेसहा तास लागतात. उतरण्याआधी हवाईसुंदरीने सांगितलं, की तिथली वेळ भारताच्या दीड तास मागे आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून आपल्याकडे सूर्य आधी उगवतो आणि पश्चिमेकडच्या देशांत नंतर. ताईने बोटं मोजली. "म्हणजे माझा वाढदिवस भारतात सुरू झाला आणि तिथे संपणार. चोवीस अधिक दीड... साडेपंचवीस तास!" रडल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

विमानतळाचं नाव सर शिवसागर रामगुलाम. हे मॉरिशसचे पहिले पंतप्रधान. १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला. या रामगुलामांचे वडील बिहारमधून मजूर म्हणून इथे आले होते. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेर आलो तर काय, मे महिन्यात छान गारवा! विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असतात ना, आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळ्याचा तोंडवळा. १५ मेच्या सुमारास मुंबईत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि आपली सावली पायाखाली लपते. इथे दुपारी सूर्य उत्तरेकडे होता आणि सावली दक्षिणेला पडत होती. बंडू कितीतरी वेळ स्वतःच्या सावलीभोवती फिरत होता.

मुख्य बेट आहे सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचं. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात, त्याच्या साधारण तिप्पट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि उसाच्या शेतांत मधूनच काळ्या दगडांचे मोठाले ढिगारे. "हे तर आपल्या घाटातले दगड!" आजी म्हणाली. तिचं बरोबर होतं. मॉरिशस ज्वालामुखीतून जन्मलेलं बेट, आणि आपला सह्याद्रीही लाव्हाच्या थरांचाच. दोन्हीकडे दगड एकच, काळा बेसाल्ट.

दुसऱ्या दिवशी राजधानी पोर्ट लुईला गेलो. तिथल्या नोटा पाहून मुलं चकित झाली. नाव रुपयाच, आणि इंग्रजीबरोबर तमिळ आणि चक्क देवनागरी अक्षरं! संग्रहालयात बंडूला त्याचा डोडो भेटला, पण सांगाड्याच्या रूपात. कबुतराच्या कुळातला हा मोठा, न उडणारा पक्षी फक्त याच बेटावर होता. १५९८ मध्ये डच खलाशी इथे आले. डोडोला माणसाची भीतीच माहीत नव्हती. माणसांनी त्याला मारलं, जहाजांतून आलेल्या डुकरांनी, माकडांनी आणि उंदरांनी त्याची अंडी खाल्ली, आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. बंडू बराच वेळ गप्प होता. "म्हणजे तो चावत नव्हता," एवढंच म्हणाला.

तिथून बंदराजवळच्या आप्रवासी घाटावर गेलो. दगडी भिंती आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या, बाकी पाहायला तसं फार नाही. पण २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं. का ते ऐका.

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मग उसाच्या मळ्यांत राबायचं कुणी? तेव्हाच्या इंग्रज सत्तेने भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण आले. १९२० पर्यंत हा आकडा जवळपास पाच लाखांवर गेला. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत. करार साधारण पाच वर्षांचा असे. कित्येक आठवडे समुद्रात काढून माणसं याच पायऱ्या चढत. त्यांची नोंद होई, प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि मग मळ्यांवर रवानगी. 'तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं' असं सांगून लोकांना भुलवलं जाई, अशी गोष्ट तिथे घरोघरी सांगतात. लोकांनी दगड उलटले, पण सोनं कुठलं! शेतं मोकळी करताना उचललेल्या त्या दगडांचेच ढिगारे आम्ही वाटेत पाहिले होते.

बंडू पायऱ्या मोजत होता. ताई त्या काळ्या दगडांकडे बघत उभी होती. अचानक तिने विचारलं, "आई, त्यांना तरी खरं सांगितलं होतं का, कुठे नेताहेत ते?"

मी काय सांगणार? "कितीतरी जणांना नव्हतं," मी म्हटलं.

"आणि मुलं पण होती त्यांच्यात?"

"हो, काही कुटुंबंसुद्धा आली."

"परत गेले ते?"

"काही गेले. पण बहुतेकजण इथेच राहिले."

ताई जरा वेळ थांबली. "मग माझं सरप्राइझ बरंच बरं होतं," ती म्हणाली. "मला निदान सहा दिवसांनी परत जायचंय, हे तरी माहीत होतं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. विमानतळावर तिने तोच प्रश्न का विचारला होता, ते आम्हाला आत्ता कळलं.

जवळच टपाल कचेरी आहे. तिकिटं जमवणाऱ्यांना मॉरिशसचं नाव पाठ असतं, कारण १८४७ मध्ये निघालेली इथली पहिली तिकिटं आज जगातल्या अतिशय दुर्मिळ तिकिटांत मोडतात. ताईने चार पोस्टकार्डं घेतली आणि चार मैत्रिणींना लिहिली. काय लिहिलं ते तिने दाखवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

परतायच्या आदल्या दिवशी पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात गेलो. तिकडे मराठी मंडळींची बरीच घरं आहेत. इथल्या मराठी माणसांचे पूर्वज बरेचसे कोकणातून आणि साताऱ्याकडून आलेले. मॉरिशसमध्ये शाळेत मराठी शिकायची सोय आहे, आणि गणेशोत्सवाला देशभर सुट्टी असते! देवळात एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. नातवाशी त्या तिथल्या क्रिओल भाषेत बोलत होत्या. आमचं बोलणं कानावर पडताच वळल्या आणि शब्द शोधत, सावकाश मराठीत म्हणाल्या, "तुम्ही मुंबईहून? आमचे पण मुंबईहूनच आले. बोटीने."

"गाव कोणतं तुमचं?" आजीने विचारलं. आजी स्वतः रत्नागिरीची.

बाईंनी मान हलवली. गाव रत्नागिरीकडचं एवढंच घरात ठाऊक होतं, नाव मागेच हरवलं होतं. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. त्यांत शोधायला हवं, असं नातू म्हणत असतो, असं त्या म्हणाल्या.

आजी त्यांच्याशेजारी पायरीवर बसली आणि एकेक नाव घ्यायला लागली. "गुहागर? चिपळूण? देवरूख? लांजा? राजापूर?" प्रत्येक नावाला बाई थांबत, मनात म्हणून पाहत आणि मान हलवत. आजी थांबली तेव्हा म्हणाल्या, "आणखी सांगा." आजीला आठवली तेवढी गावं तिने सांगितली. नाव काही सापडलं नाही. पण निघताना त्यांनी आजीचे हात कितीतरी वेळ सोडले नाहीत. ताईने गाडीत बसल्याबसल्या वही उघडली आणि आजीला म्हणाली, "ती सगळी गावं मला परत सांग. मी लिहून ठेवते."

येताना मॉरिशसने दिलेला दीड तास परत द्यावा लागला. पुढच्या रविवारी चौघी मैत्रिणी राहायला आल्या. गच्चीवर गाद्या, भेळ, सगळं ताईच्या यादीप्रमाणे. पोस्टकार्डं मात्र ताईच्या नंतर बऱ्याच दिवसांनी पोचली, आणि मग त्यांचं पुन्हा एकदा मोठ्याने वाचन झालं.

तुम्ही घरातला नकाशा काढा. मुंबईवर बोट ठेवा आणि नैर्ऋत्येला आफ्रिकेच्या दिशेने सरकवा. मादागास्करच्या पूर्वेला एक ठिपका दिसेल, तेच मॉरिशस. आणि हो, आई-बाबांनी गुपचूप काही ठरवलंय अशी शंका आली, तर हा लेख त्यांच्या हाती द्या. केक गुपचूप आणावा, भेटवस्तूही लपवावी. पण ज्याचा वाढदिवस, त्याला कुठे आणि कुणाबरोबर राहायचंय, ते आधी विचारावं. आम्ही आता तसंच करतो.

बंडूचा दहावा वाढदिवस तीन वर्षांनी आहे. त्याला आत्ताच विचारून ठेवलंय, कुठे जायचं? तो म्हणाला, "जिथे डोडो जिवंत असेल तिथे!"